दिल्लीची ऐतिहासिक स्मारके चार दिवसांत : काय पाहावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न : फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही नाशिकहून चार जण दिल्लीला येत आहोत. आम्ही दोघे, बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सोमवारी रात्री पोहोचू, शुक्रवारी रात्री परतीची गाडी आहे. टूरवाल्याने दिलेल्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी लाल किल्ल्यापासून कुतुबमिनारापर्यंत अकरा ठिकाणे आहेत आणि शुक्रवारी आग्रा आहे. इतिहासाची आवड आहे, पण एवढे सगळे डोक्यात राहील असे वाटत नाही. काय ठेवावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

उत्तर :

या कार्यक्रमातली सर्वांत मोठी अडचण आधी सांगतो. ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, तेव्हा शुक्रवारचे आग्रा आजच काटून टाका. उरलेली यादीही आहे तशी पाळू नये, असे माझे मत आहे. एका दिवसात अकरा ठिकाणे म्हणजे अकरा वेळा गाडीत चढणे-उतरणे, अकरा ठिकाणी वाहनतळ शोधणे आणि प्रत्येक ठिकाणी फाटकापाशी उभे राहून फोटो काढणे. मी गेली अनेक वर्षे दिल्लीत मराठी मंडळींना या इमारती दाखवत आलो आहे आणि असा धावता दौरा आधी करून गेलेले लोक पुन्हा येतात तेव्हा त्यांच्या मनात सगळे घुमट एकमेकांत मिसळून गेलेले असतात. यात त्यांचा दोष नाही. ज्या क्रमाने ते पाहिले, त्या क्रमात एका इमारतीने दुसरीविषयी काही सांगण्याची सोयच नव्हती.

माझा सल्ला असा की, दिल्लीतल्या इमारती ज्या क्रमाने बांधल्या गेल्या, जवळजवळ त्याच क्रमाने पाहाव्यात. हे ऐकायला पुस्तकी वाटते, पण भूगोल आपल्या बाजूने आहे. सुलतानांची पहिली राजधानी दक्षिणेकडे मेहरौलीच्या खडकाळ भागात होती आणि तिथून सत्तेचे ठाणे सरकत सरकत उत्तरेला यमुनाकाठी, शाहजहानाबादेत म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीत आले. मधले अपवाद सोडले तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणे म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जाणे. शिवाय पाहण्यासाठी एकच धागा धरून ठेवा : छप्पर. दोन भिंतींमधले अंतर दगडाने कसे झाकायचे, हा प्रश्न इथल्या कारागिरांपुढे साडेपाचशे वर्षे होता आणि प्रत्येक पिढीने त्याचे थोडे वेगळे उत्तर दिले. मुलाला राजांची यादी पाठ करायला लावू नका. कमानीतले सांधे आणि घुमटाचा आकार पाहायला सांगा, म्हणजे शुक्रवारपर्यंत तो स्वतःच कोणती इमारत आधीची हे ओळखू लागेल.

मंगळवार पूर्णपणे मेहरौलीला द्या. कुतुब परिसर सूर्योदयाला उघडतो. शाळांच्या सहली येण्याआधी, सकाळी साडेसात-आठला आत असावे. शिरताच बहुतेक मंडळी माना वर करून मिनाराकडे धावतात. तुम्ही आधी मशिदीच्या चौकात जा. ही मशीद कुतुबुद्दीन ऐबकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतली आणि तिच्या पूर्वेच्या दारावरचा फारसी लेखच सांगतो की तिच्यासाठी 27 मंदिरांचे साहित्य वापरले गेले. ओवऱ्यांतले खांब पाहिले की मराठी माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. साखळीला टांगलेल्या घंटा, पूर्णघट आणि कीर्तिमुखे आपल्याकडच्या जुन्या देवळांतून आपण पाहत आलेलो असतो. मशिदीला हवी तेवढी उंची एका खांबाने मिळत नव्हती, म्हणून एकावर एक असे दोन खांब चढवले आहेत. जोड कुठे आहे ते मुलाला शोधू द्या. इथे काय मोडले आणि काय बांधले, या दोन्ही गोष्टी एकाच खांबावर दिसतात. त्यातली एकच सांगणारा मार्गदर्शक भेटला तर त्याचे ऐकून घ्या आणि आपल्या डोळ्यांनी दोन्ही पाहा.

आता चौकाच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या उंच कमानींच्या भिंतीसमोर या. लांबून ती टोकदार कमान वाटते. जवळ जाऊन दगडांमधले सांधे पाहिले की ते सगळे आडवे आहेत असे लक्षात येते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत दोन्ही बाजू मध्यावर आणून भिडवल्या आहेत आणि कडा तासून कमानीचा आकार दिला आहे. कमानीची मागणी करणारे राज्यकर्ते नवे होते, पण बांधणारे हात इथलेच होते. त्यांना तुळई आणि पुढे काढलेले थर यांचेच तंत्र ठाऊक होते आणि त्याच तंत्रात त्यांनी कमान काढून दाखवली. तिथून दक्षिणेकडच्या अलाई दरवाजापाशी जा. अलाउद्दीन खिलजीने तो 1311 मध्ये बांधला. त्याच्या कमानीतले दगड पाचरीसारखे घडवलेले आहेत आणि त्यांचे सांधे आडवे नसून एका बिंदूकडे रोखलेले आहेत. ही खरी कमान. वरचा भार दगडांना एकमेकांत दाबून बसवतो, म्हणून ती उभी राहते. आत गेलात की चौकोनी दालनावर गोल घुमट बसवण्यासाठी चारही कोपऱ्यांत लहान कमानी घालून चौकोनाचा अष्टकोन कसा केला आहे ते दिसेल. दोन्ही बांधकामांत शंभरएक वर्षांचे अंतर आहे आणि चालत दोन मिनिटांचे. दिल्लीत इतक्या थोड्या जागेत इतके शिकवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

मिनार अर्थातच पाहायचा आहे. 72.5 मीटर उंच, पाच मजली. खालच्या मजल्याच्या बाहेरच्या उभ्या पन्हाळ्या आलटून पालटून टोकदार आणि गोल आहेत, दुसऱ्याच्या फक्त गोल आणि तिसऱ्याच्या फक्त टोकदार. ऐबकाने तो सुरू केला, इल्तुतमिशने वाढवला आणि 1369 मध्ये वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने वरचे मजले पुन्हा बांधताना संगमरवर वापरला, म्हणून वरचा भाग पांढरट दिसतो. आत जाता येत नाही. 1981 मध्ये जिन्यात अंधार होऊन चेंगराचेंगरी झाली, अनेक जण दगावले आणि तेव्हापासून वर जाणे बंद आहे. हिरवळीवर एक छत्री, म्हणजे खांबांवरचा छोटा मंडप, एकटीच उभी दिसेल. ती एके काळी मिनाराच्या माथ्यावर होती. 1803 च्या भूकंपानंतर दुरुस्ती करणाऱ्या मेजर रॉबर्ट स्मिथ यांनी ती 1828 मध्ये चढवली आणि वीस वर्षांनी गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या आदेशावरून ती खाली उतरवली गेली. खाली उतरवण्याचा निर्णय योग्यच होता, हे छत्री पाहून कुणालाही पटेल.

लोहस्तंभाभोवती 1997 पासून कुंपण आहे, त्यामुळे पाठ टेकवून हात मागे गुंफण्याचा जुना खेळ आता होत नाही. सुमारे सव्वासात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ गुप्तकालीन आहे. लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे आणि म्हणून तो सोळाशे वर्षे गंजून गेलेला नाही. त्यावरच्या ब्राह्मी लेखात चंद्र नावाच्या राजाची प्रशस्ती आहे आणि हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त असे सामान्यतः मानले जाते. याच चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटकांच्या घरी दिली होती आणि पतीच्या मृत्यूनंतर तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून कारभार पाहिला. रामटेकला गेला असाल तर इथे ही आठवण अवश्य काढा.

परिसराच्या बाहेर पडून मेहरौली पुरातत्त्व उद्यानात शिरा. इथे तिकीट नाही, गर्दी नाही आणि पाट्याही फारशा नाहीत. वाटा खडबडीत आहेत, तेव्हा सासूबाईंना कुतुबच्या हिरवळीवर सावलीत बसवून एकाने सोबत थांबावे हे बरे. उद्यानात सुलतान बल्बनच्या कबरीचा पडका चौथरा आहे. बल्बन 1287 मध्ये वारला आणि दिल्लीतली पहिली खरी कमान इथे आढळते असे मानतात. सकाळी पाहिलेल्या दोन कमानींमधली ही हरवलेली पायरी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो निव्वळ दगडमातीचा ढिगारा वाटतो. जवळच जमाली-कमालीची मशीद आणि कबर आहे. कबरीच्या छोट्या खोलीला बहुधा कुलूप असते. चौकीदाराला नीट विनंती केली आणि त्याला वेळ असला, तर तो उघडून दाखवतो. आतल्या छतावरचे निळे-तांबडे रंगकाम पाहिल्यावर विनंती वाया गेली असे वाटणार नाही. लोदींच्या काळातली ‘राजों की बावली’ही इथेच आहे. आपल्याकडच्या बारवांची सवय असलेल्याला तिची मांडणी लगेच कळते. पावसाळ्यानंतर तळाशी पाणी असते आणि कठडे ठेंगणे आहेत, मुलाचा हात सोडू नका.

जेवण करून मेहरौली-बदरपूर रस्त्याने पूर्वेला तुघलकाबादला जा. टूरवाले हे ठिकाण गाळतात, कारण जवळपास खरेदीची दुकाने नाहीत. गियासुद्दीन तुघलकाने 1321 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला आज पडका आहे आणि दुपारच्या उन्हात आत भटकण्यात मोठा लाभ नाही. रस्त्यापलीकडची त्याची कबर मात्र पाहायलाच हवी. तिच्या भिंती आत कललेल्या आहेत, इतक्या की लहानशा बुरुजाप्रमाणे ती जमिनीला घट्ट धरून बसली आहे. एके काळी तिच्याभोवती पाणी होते आणि किल्ल्यातून पुलावरून तिथे येत असत. आज तो पूल रस्त्याने कापला आहे. तुघलकाने सगळे मजूर किल्ल्यावर ओढले, त्यामुळे निजामुद्दीन औलियांच्या बावलीचे काम थांबले आणि त्यांनी ‘हनोज दिल्ली दूर अस्त’ (दिल्ली अजून दूर आहे) म्हटले, ही कथा मार्गदर्शक रंगवून सांगतील. ती कथा म्हणूनच ऐका. नक्की एवढेच की, 1325 मध्ये मोहिमेवरून परतताना दिल्लीच्या वेशीबाहेर स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून सुलतान मेला. मागून गादीवर आलेल्या महंमद तुघलकाने दोन वर्षांत राजधानी देवगिरीला हलवून तिचे दौलताबाद केले. तुम्ही दौलताबादचा किल्ला चढला असाल, तर त्या गोष्टीचे दुसरे टोक इथे आहे.

बुधवार हलका ठेवा. सकाळी हौज खास. अलाउद्दीनच्या तलावाच्या काठावर फिरोजशहाने 1352 मध्ये मदरसा बांधला आणि पुढे स्वतःची कबरही तिथेच केली. इथे तांबड्या-पांढऱ्या दगडांची श्रीमंती नाही. ओबडधोबड दगड, त्यावर चुन्याचा गिलावा आणि आटोपशीर घुमट आहेत. कबरीच्या दारासमोर मात्र दगडी कठडा आहे, उभे खांब आणि त्यांत ओवलेले आडवे दांडे असलेला, अगदी सांचीच्या किंवा आपल्या लेण्यांमधल्या वेदिकेच्या घडणीचा. फिरोजला जुन्या गोष्टींचे वेड होते. अशोकाचा स्तंभ टोपऱ्याहून उचलून आणून त्याने आपल्या कोटल्यात म्हणजे किल्ल्यात उभारला तो यातूनच. हौज खासच्या गल्ल्यांतली कॅफे आणि कपड्यांची दुकाने सकाळी बंद असतात, हा सकाळी जाण्याचा आणखी एक फायदा.

तिथून लोदी बाग. तिकीट नाही, सपाट वाटा, भरपूर बाके. सासूबाईंसाठी चारही दिवसांतली सर्वांत सोयीची जागा हीच. इथे पूर्वी खैरपूर नावाचे गाव होते. गावकऱ्यांना हलवून 1936 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने हा बगीचा केला गेला. आधी 1444 च्या महंमदशहा सय्यदच्या कबरीला जा. ती अष्टकोनी आहे आणि भोवताली ओवरी आहे. सुलतानांच्या कबरी अष्टकोनी आणि सरदारांच्या चौकोनी, असा त्या काळचा साधारण रिवाज होता. मग बडा गुंबद. बाहेरून ही इमारत दोन-तीन मजल्यांची वाटते, कारण भिंतीवर कोनाड्यांच्या रांगा एकावर एक काढल्या आहेत. आत पाऊल टाकले की एकच उंच दालन आणि थेट घुमट. मुलांना ही फसवणूक फार आवडते. तिथे कबरही नाही. शेवटी उत्तरेच्या टोकाला सिकंदर लोदीची कबर, 1517-18 ची. तिच्यात घुमट दुहेरी आहे. आतले छत दालनाला शोभेल इतके खाली आणि बाहेरचा घुमट दुरून उठून दिसेल इतका वर, मध्ये पोकळी. ही युक्ती ध्यानात ठेवा, गुरुवारी कामाला येईल.

दुपारी उशिरा पुराना किल्ला. शेरशहाने 1541 च्या सुमारास बांधलेली किला-ए-कुहना मशीद हे इथे येण्याचे मुख्य कारण. शेजारी शेर मंडल नावाची छोटी अष्टकोनी दुमजली इमारत आहे. हुमायूनने तिथे आपले ग्रंथालय ठेवले होते आणि जानेवारी 1556 मध्ये तिच्याच जिन्यावरून पडून तो वारला. आत सोडत नाहीत, बाहेरून जिना दिसतो तेवढा पुरे.

गुरुवारी सकाळी हुमायूनचा मकबरा. फाटकातून आत गेल्यावर सरळ जाऊ नका. उजवीकडे इसा खानच्या कबरीकडे वळा. शेरशहाच्या दरबारातल्या या सरदाराची कबर 1547 ची आहे, म्हणजे मुख्य मकबऱ्याच्या वीसेक वर्षे आधीची. अष्टकोन, ओवरी, छत्र्या, ठेंगणा घुमट हे सगळे तुम्ही काल लोदी बागेत पाहिलेले असेल. ते मनात ठेवून मुख्य दरवाजातून पुढे व्हा. एकदम जो फरक जाणवतो, तो जाणवून देण्यासाठीच मी हा सगळा क्रम आखतो. उंच जोते, चौफेर चारबाग म्हणजे चार भागांत आखलेली बाग, तांबड्या दगडात रेखलेल्या पांढऱ्या रेघा आणि वर संगमरवरी दुहेरी घुमट. हुमायूनची पत्नी बेगा बेगम ऊर्फ हाजी बेगम हिच्या देखरेखीखाली 1570 च्या सुमारास हे काम पुरे झाले. स्थपती मिराक मिर्झा गियास इराणी परंपरेतून आलेला होता. त्यामुळे इथे इराणची मांडणी आहे, दिल्लीचा दगड आहे आणि छत्र्या तर आपल्याच आहेत. ताजमहालाचे मूळ इथे आहे असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. मला स्वतःला ताजपेक्षा ही इमारत अधिक आवडते, कारण तिचे वजन ती लपवत नाही.

जोत्यावर जाणारा जिना अरुंद आणि खडा आहे. सासूबाईंनी चढलेच पाहिजे असे नाही. खालून भोवती फेरी मारली तरी चारही बाजू उत्तम दिसतात. वर गेलात तर लक्षात घ्या की मधल्या दालनातली पांढरी कबर ही केवळ वरची खूण आहे, खरी कबर खाली जोत्यात आहे. आगाखान न्यासाने इथे दीर्घकाळ दुरुस्ती केली. छतावर पूर्वीच्या दुरुस्त्यांत साचलेले काँक्रीटचे थर काढले, सिमेंटऐवजी चुना वापरला आणि छत्र्यांवरच्या निळ्या फरशा नव्याने घडवून घेतल्या. नव्या फरशा बसवाव्यात की जुन्या तुटक्या तशाच राहू द्याव्यात, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. चुन्याबाबत मात्र मला शंका नाही, सिमेंट या भिंतींना मारते. 1857 च्या सप्टेंबरात बादशहा बहादूरशहा जफर याच आवारात इंग्रज अधिकारी हडसनच्या स्वाधीन झाला आणि 1947 मध्ये याच बागेत निर्वासितांचे तंबू होते. फाटकाजवळच्या भूमिगत संग्रहालयाला तासभर द्यावा, उन्हाच्या वेळी तर नक्कीच.

जवळच अब्दुल रहीम खानखानाची कबर आहे. शाळेत रहीमचे दोहे शिकलेल्या मुलाला ‘तो हाच’ असे सांगा. तिच्या घुमटावरचा संगमरवर सोललेला दिसतो. तो काढून अठराव्या शतकात सफदरजंगच्या मकबऱ्याला वापरला, असे सांगितले जाते. दुपारी लोदी रोडने सरळ पश्चिमेला गेलात की तो सफदरजंगचा मकबरा येतो, 1754 चा. रचना हुमायूनच्या मकबऱ्याचीच, पण बुटकी आणि नक्षीने भरलेली. बादशाहीतला पैसा आणि आत्मविश्वास दोन्ही आटल्याचे दगडांतून समजते. बादशहाचा वजीर असलेल्या सफदरजंगने 1752 मध्ये मराठ्यांशी करार करून बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आणि उत्तरेच्या राजकारणात आपण खोल गुंतलो ते तिथून. अर्धा तास पुरे.

संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यात गुरुवारची कव्वाली असते. गर्दी फार, गल्ल्या अरुंद, पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. डोके झाकायला रुमाल आणि ओढणी न्यावी. वाटेतले फुलवाले चपला ठेवण्याच्या निमित्ताने महागडी चादर गळ्यात मारतात, तेव्हा चपला दर्ग्याच्या दारापर्यंत पायातच राहू द्या. कवी अमीर खुसरो आणि शाहजहानची मुलगी जहानआरा यांच्या कबरी याच आवारात आहेत.

शुक्रवारी शाहजहानाबाद. क्रम उलटा ठेवा, आधी जामा मशीद. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या सुमारास पर्यटकांना आत घेत नाहीत आणि परिसर तुडुंब भरतो, म्हणून सकाळी आठच्या सुमारास तिथे पोहोचा. पूर्वेच्या पायऱ्या तीसहून अधिक आहेत. सासूबाईंना सावकाश घ्या. 1656 मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीचे तीन घुमट कांद्याच्या आकाराचे, मानेपाशी आवळलेले आहेत. लोदींच्या पालथ्या वाडग्यांपासून इथवरचा प्रवास तुमच्या डोळ्यांसमोर असेल. मग ई-रिक्षाने लाल किल्ला, साडेनऊला.

लाल किल्ला शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. पहिल्याच दिवशी तो पाहणारे बहुतेक लोक हिरमुसतात. बाहेरची तटबंदी इतकी भव्य आणि आत सुटे सुटे मंडप, मध्ये हिरवळ, मागे तांबड्या बराकी. 1857 नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडून तिथे लष्कर बसवले, त्यामुळे आज उरले आहेत ते एका मोठ्या राजवाड्याचे तुकडे. लाहोरी दरवाजातून छत्ता चौकात या, नौबतखाना ओलांडून दिवाण-ए-आम पाहा आणि मग मागच्या काठावर जमिनीतला पाण्याचा संगमरवरी पाट शोधा. ही नहर-ए-बहिश्त. सगळ्या महालांतून तिचे पाणी खेळत असे. या पाटाच्या रेषेने चालत राहिलात की सुटे वाटणारे मंडप एका घराच्या खोल्यांप्रमाणे जोडले जातात. तटाखालून तेव्हा यमुना वाहत होती. आज तिथे रिंग रोड आहे.

दिवाण-ए-खासमध्ये मराठी माणसाने थांबायला हवे. वर पाहा. छत लाकडी आहे, रंगवलेले. मूळच्या छताला चांदी होती. ऑगस्ट 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसे नव्हते, रसद तुटत चालली होती आणि भाऊंनी ही चांदी उतरवून तिची नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. मार्गदर्शक हे कधी लूट म्हणून सांगतात, कधी आपली मंडळी ऐकत आहेत हे पाहून गाळतात. घडले ते असे आणि त्यामागे अडचण होती, हे मुलाला सांगायला हरकत नाही. 1771 मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि बादशहा शाहआलम पुढच्या जानेवारीत त्यांच्या आधाराने राजधानीत परतला. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले तेव्हा महादजींच्याच फौजेने किल्ला सोडवला. तो ताबा इंग्रजांशी झालेल्या 11 सप्टेंबर 1803 च्या पटपडगंजच्या लढाईपर्यंत टिकला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. तिथे जाण्याचा खटाटोप करू नका. त्याऐवजी बराकींतले नेताजी आणि आझाद हिंद सेनेवरचे संग्रहालय पाहा. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले 1945-46 मध्ये याच किल्ल्यात चालले.

व्यवहाराच्या थोड्या गोष्टी. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तिकिटे ऑनलाइन काढा, रांग वाचते आणि थोडी सवलतही मिळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मार्गदर्शक हवा असेल तर पर्यटन मंत्रालयाचे ओळखपत्र आधी पाहा आणि दर आत शिरण्यापूर्वी ठरवा. ‘पाच मिनिटे सरकारी एम्पोरियम’ म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला तिथेच नाही म्हणा. लाल किल्ला आणि जामा मशीद यांना मेट्रोची स्वतंत्र स्थानके आहेत. लोदी बागेला जोरबाग आणि हौज खासला ग्रीन पार्क जवळ पडते. कुतुबमिनार हे स्थानक नावाला कुतुबचे आहे, तिथून पुढे रिक्षा लागतेच. तुघलकाबादच्या दिवशी मात्र दिवसभरासाठी गाडी ठरवा. जंतरमंतर, राजघाट, अग्रसेन की बावली आणि इंडिया गेट यांपैकी काही राहून गेले तर खंत करू नये.

आणि तरीही मुलाने ताजचा हट्ट धरला, तर बुधवार त्याला द्या. हजरत निजामुद्दीनहून सकाळची गतिमान एक्सप्रेस आग्र्याला नेते आणि संध्याकाळी परत आणते. तिकिटे आधीच काढावी लागतील. मग हौज खास आणि पुराना किल्ला गाळा, सफदरजंगलाही जाऊ नका आणि लोदी बागेला गुरुवारी सकाळी हुमायूनच्या मकबऱ्याआधी तासभर द्या. सिकंदर लोदीचा दुहेरी घुमट न पाहता हुमायूनकडे जाणे मात्र टाळा.